गेटला न दिसलेले डबे

पूर्णा गावातल्या एका गोदामात मी आणि माझी वैनी एकदमच कामाला लागलो. आमच्या अंजूर गावाहून एकाच रिक्षाने जायचो. भावाचं कापडाच्या लूमवरचं काम सुटल्यापासून घर वैनीवरच होतं. आमचं काम खोक्यांवर टॅग चिकटवायचं. दिसायला साधं स्टिकर, पण आत बारीक चिप. गेटवर दोन खांब होते. त्यांच्यामधून खोका गेला की ते तो टॅग वाचायचे आणि माल बाहेर पडल्याची नोंद कॉम्प्युटरवर आपोआप व्हायची.

एकदा तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचा माल पुण्याच्या ट्रकमध्ये चढला. कॉम्प्युटरवर मात्र त्यातले बरेच खोके गोदामातच दिसत होते, आणि गोदामात तर ते नव्हते. सुपरवायझरने वैनीला बोलावलं.

“मावशी, माल गेट से निकला नहीं, अंदर भी नहीं है. टॅग उखाडके किसको दिया?”

“मी सगल्यांना लावलाय. कुनाला काय दिला न्हाय,” वैनी म्हणाली.

“ट्रकमधला माल उतरेपर्यंत तरी थांबा,” मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही. आमच्या गावच्या सगळ्या बायांसमोर वैनीची झडती घेतली आणि पास काढून घेऊन तिला कामावरून काढलं.

काही दिवसांनी पुण्याहून निरोप आला, सगळा माल पोचलाय. पत्र्यामुळे खांबांना टॅग वाचताच आले नव्हते. मी धावत सुपरवायझरकडे गेले. “मग वैनीला बोलावू?”

या वेळी तो मराठीत बोलला. “नको. आता टॅग कारखान्यातूनच लागून येणार. महिनाअखेरीला तुमचंही काम बंद.”

घरी येऊन मी वैनीला सांगितलं, माल सापडला. ती भाजी चिरत होती. “मंग गावात येऊन सांगतील का त्ये?” तिने विचारलं.

कोणी आलं नाही. वैनी नारपोलीला लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागली. मी बऱ्याच गोदामांत विचारलं, शेवटी तिच्याबरोबरच जाऊ लागले. रिक्षात गावातलं कोणी शेजारी बसलं की ती पिशवीचं तोंड उघडं करायची, आतला जेवणाचा डबा आणि टॉवेल दिसावा म्हणून. “बंद कर गं ती,” मी म्हणायचे. तिने कधी केली नाही.