खांबाभोवतीची ओली जागा

सोमवार, सकाळचे सात. हजर: सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी, महापालिकेच्या टँकरचा चालक आणि आमचा रस्ता झाडणाऱ्या शेवंताबाई.

चौकातल्या खांबावर हवेतली बारीक धूळ मोजणारं यंत्र आहे. त्याच्या बोर्डावरचा आकडा चढला की टँकर येतो आणि फक्त खांबाभोवती पाणी फवारतो. तिथं झाडू मारायलाही मनाई आहे. म्हणून शेवंताबाई पलीकडे, बांधकामाच्या सिमेंटमध्ये, नाकाला पदर लावून झाडत होत्या. खोकता खोकता त्या फुटपाथवर बसल्या.

"दादा, इकडंबी मारा की जरा पाणी."

"मावशी, तुमच्या छातीचा आकडा बोर्डावर येतो का?" चालक म्हणाला. मीही हसले. वाक्य चांगलं जमलं होतं.

यंत्र आमच्यासारखीच हवा आत ओढतं, पण त्याला फुप्फुसं नाहीत. त्यामुळे त्याची काळजी घेणं फार सोपं आहे. थोड्या वेळात बोर्ड हिरवा झाला. मी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सात अंगठे आले.

"डॉक्टर म्हणतात, धुळीत गेलात तर पुढचा हिवाळा बघायच्या नाहीत," शेवंताबाई मला म्हणाल्या. "ताई, तुमच्या जिन्याचं काम द्या ना मला."

"बघते," मी म्हटलं.

जिना झाडणाऱ्याची जागा महिनाभर रिकामी आहे. कमिटीला दोन ओळी लिहिल्या की काम होईल. पण त्या आत आल्या तर आमच्या फाटकासमोर इतकं स्वच्छ कोण झाडणार? त्या दोन ओळी अजून लिहायच्या आहेत.