खैरनार बाईंची वाकडी किल्ली

नवीन माणूस भेटला की खैरनार बाई आधी त्याच्या कानाच्या पाळ्या बघायच्या. नाव, गाव, कुणाचे कोण, हे सगळं नंतर. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "चिकटलेली पाळी. आईची की वडिलांची?" मी म्हटलं, "माझीच आहे." बाई म्हणाल्या, "स्वतःचं असं तुमच्याकडे काही नाही हो, सर. सगळं आलेलं आहे." मग पुढे अर्धा तास, पाळीचा प्रकार पुस्तकात सांगतात तेवढा सोपा नाही आणि पुस्तक लिहिणाऱ्यांना धरून बडवलं पाहिजे, हे ऐकून घेतलं. चहा गार झाला तो वेगळाच.

बाई जीवशास्त्र शिकवायच्या, मूळच्या सटाण्याकडच्या. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी, पण चिडल्या की अहिराणी बाहेर यायची. "असं नही शे!" हे तीन शब्द कॉरिडॉरमध्ये ऐकू आले की समजायचं, आत कुणाचं तरी अज्ञान सोललं जातंय. एकदा इतिहासाच्या सरांनी मोठ्या विजयी मुद्रेने विचारलं, "माणूस माकडापासून झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?" बाईंनी डबा बंद केला. "तुमचे चुलतभाऊ मालेगावला असतात ना? मग ते अजून तुम्ही का झाले नाहीत?" मग स्वतःच उत्तर दिलं: "आजोबा एक, सर. फांद्या वेगळ्या. माकडं आपले आजोबा नाहीत, चुलते आहेत. आणि त्यांची आपल्याबद्दल काही तक्रार असेल तर ती मला समजू शकते."

मला या बाईंचा त्रास व्हायचा, हे कबूल करतो. कारण आमच्या जगतापांच्या घरात रक्ताचा फार अभिमान. मनमाडला असणारे माझे थोरले बंधू, आमचे दादा, रेल्वेतून निवृत्त झाले, पण प्रत्येक लग्नात मांडवात उभं राहून "जगतापांचं रक्त आहे हे!" असं गर्जायचं काम त्यांनी सोडलं नाही. त्या रक्तात नेमकं काय आहे, हे कुणी कधी तपासलं नव्हतं. गरजच काय?

मग आमच्या मुलीचं, मृण्मयीचं, लग्न ठरलं. मुलगा निफाडचा, तुषार. द्राक्षबाग, इंजिनिअर, निर्व्यसनी, म्हणजे हल्लीच्या बाजारात दुर्मीळ माल. पत्रिका जुळली, पण दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह निघाला आणि आमच्या हिने अंथरूण धरलं. एकाच रक्तगटाचं लग्न म्हणे चालत नाही. मी स्टाफरूममध्ये हे बोललो आणि बाई इतक्या हसल्या की शिपाई बघायला आला.

"सर, रक्तगट एकच असला तर उलट सोय. अडीअडचणीला बाटली घरातच. जे बघायचं ते तुम्ही कुणी बघतच नाही. पोरीची हिमोग्लोबिनची तपासणी करा, थॅलेसेमियाची."

"ते आमच्यात नसतं, बाई."

"हिमोग्लोबिनला जात सांगून बघा, ऐकतं का."

मृण्मयी हट्टाने तपासून आली. थॅलेसेमिया मायनर. मी रिपोर्ट घेऊन बाईंकडे धावलो आणि पहिलं वाक्य बोललो ते असं: "हे तिच्या आईकडून आलं असणार." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग दोघंही रक्त देऊन या." चार दिवसांनी कळलं. हिचं रक्त निर्मळ. जे काही होतं ते माझ्यात. घरात हिने फक्त त्या दिवशी पोळ्यांना तूप जरा जास्त लावलं. बायको अशा वेळी टोमणा मारत नाही, आनंद साजरा करते.

बाईंनी मला कागदावर दोन किल्ल्या काढून दाखवल्या. "शरीराच्या प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या असतात. एक आई देते, एक बाप. तुमची एक वाकडी आहे. दुसरीने कुलूप उघडतं, म्हणून तुम्ही पन्नास वर्षं ठणठणीत आहात आणि मला उलट बोलता. पोरीला तुम्ही नेमकी वाकडी दिलीत. तिलाही काही होणार नाही. पण नवऱ्याकडेही या कुलपाची किल्ली वाकडी असेल, आणि दोघांनीही लेकराला वाकडीच दिली, तर ते लेकरू दाराबाहेर. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवून जगायचं. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "बाई, हे निफाडला सांगायलाच पाहिजे का? लग्न मोडेल हो."

"असं नही शे, सर! लपवलं तर लग्न राहील आणि नातू जाईल. तुमची पोर काय म्हणते ते विचारा आधी."

पोर काय म्हणणार? रविवारी सकाळी ती बाईंना गाडीत घालून निफाडला निघाली. मी मागच्या सीटवर, आरोपीसारखा.

तुषारचे वडील, नाना, बागेतच बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, खोट असलेलं झाड आम्ही उपटून टाकतो. पोरगी चांगली हाय, पण खोट ती खोटच."  मृण्मयीने खाली बघितलं.

बाईंनी द्राक्षाचं एक पान उलटं करून त्यावरची पांढरी बुरशी बघितली. "नाना, भुरी औषधाने जाते का?"

"कुठली जाते! पहिले एका फवाऱ्यात साफ व्हायची. आता चारदा मारलं तरी हाय तशीच."

"औषधाने तिला काही शिकवलं नाही. हजारांत एखादी आधीच वेगळी होती. बाकीच्या मेल्या, ती उरली, आणि आता बागभर तिचीच पिलावळ. हो ना? आता माणसाचं ऐका. पूर्वी मलेरियाने गावंच्या गावं आडवी व्हायची. ज्यांच्याकडे ही एक वाकडी किल्ली होती, ती माणसं त्यातून जास्त वाचली. म्हणून ती किल्ली अजून हिंडतेय. तुम्ही खोट म्हणता, तिच्यामुळेच या पोरीचा कुणी खापरपणजोबा जगला असेल."

नानांनी विचारलं, "म्हंजे हे जगताप लोक भुरीसारखे?"

"अगदी तसेच," बाई म्हणाल्या. जगतापांच्या रक्ताचा असा जाहीर गौरव पूर्वी कधी झाला नव्हता.

"तुमच्या बागेत सगळी एकाच झाडाची कलमं," बाई पुढे म्हणाल्या, "म्हणून रोग आला की सगळी एकदम पडतात. माणसं बियांची आहेत, नाना. प्रत्येक वेगळं, प्रत्येकात काहीतरी वाकडं. उपटायला बसलात तर बागेत कोण उरेल? पोराचं रक्त तपासा. तो सरळ निघाला तर नातवंडांना हा आजार होणार नाही."

तुषार आधीच बाह्या सरसावून उभा होता. तो सरळ निघाला. नानांनी पेढे पाठवले आणि लग्न धूमधडाक्यात झालं. मला वाटलं, प्रकरण संपलं.

मांडवातच बाईंनी मला गाठलं. "सर, आता दादांना सांगा. वाकडी किल्ली तुमच्या खिशात आभाळातून पडली नाही. त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांच्या मुलाचं, नीलेशचं, लग्न ठरतंय ना?"

मी "हो हो, सांगतो" म्हटलं. मागे दादा पाहुण्यांना जगतापांचं रक्त समजावून सांगत होते. त्यांना काय सांगू? तुमच्या रक्ताला वाक आहे? तीन महिन्यांनी नीलेशचं लग्न झालं. मी गेलो, जेवलो, अक्षता टाकल्या आणि गप्प परत आलो. दुसऱ्यांच्या अज्ञानावर हसायला मी एव्हाना बाईंकडून चांगलं शिकलो होतो. बाकीचं शिकायचं राहिलं होतं.

वर्षभराने बाईंना कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर मलाच समजावू लागल्या. "पेशी नक्कल करताना चुकते, सर. लाखो वर्षं अशाच चुका होत होत आपण माणूस झालो. त्यातली एक माझ्या वाट्याला वाईट आली. निसर्गाचा काही राग नाही माझ्यावर, त्याला मी माहीतही नाही." मग जरा दम खाऊन विचारलं, "दादांना सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगितलं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि समाधानाने डोळे मिटले. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरीही मी खरं बोललो नाही. आठ दिवसांनी बाई गेल्या.

त्यांच्या तेराव्याहून परतलो, तर हिने बातमी दिली: नीलेशच्या बायकोला तिसरा महिना. मी चपलाही न काढता मनमाडला फोन लावला.

"दादा, आपल्या रक्तात एक गोष्ट आहे. माझ्यात निघाली. तुमच्यात, नीलेशमध्ये असू शकते. सूनबाईंच्यातही निघाली तर बाळाला धोका आहे. नीलेशची आणि तिची तपासणी उद्याच्या उद्या करा."

 मला वाटलं, आता दादा गर्जतील. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

थाप तयार होती. मी नेहमीच तयार ठेवतो.

"दीड वर्ष झालं, दादा."

दादांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, पण लाईन चालूच होती. कुणीतरी फोन उचलला. वहिनी होत्या. शेजारीच उभ्या राहून ऐकत असणार.

"भाऊजी, त्या तपासणीचं नाव काय? हळू सांगा. मी लिहून घेते."