इनासचे दहा नमो मारिया

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गप्प बसलो. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका — मलाही माहीत नाही.

तुळिंजला माझं टर्बो दुरुस्तीचं दुकान आहे. टर्बो म्हणजे डिझेल इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, असं समजा. त्याच्या पोटात एक बारीक दांडा असतो, भयानक वेगाने फिरणारा. दांडा, बेअरिंग सगळं मिळून जो भाग बनतो त्याला आम्ही कार्ट्रिज म्हणतो. खराब झालं की आख्खं बदलायचं. कंपनीचं ओरिजिनल मिळतं, बाजारात लोकलही मिळतं. आता लोकल म्हणजे भंगारच, असं नाही हं! मी कित्येकांना सांगून-सवरून लोकल बसवलंय, आणि त्या गाड्या मस्त पळतायत. सांगून — हा शब्द लक्षात ठेवा.

उमेळ्याचे हरेश्वरभाऊ माझे जुने गिऱ्हाईक. वाडीतली केळी, भाजी बाजारात न्यायला त्यांचा टेम्पो, आणि टेम्पोवर इनास. वीस वर्षं एकच मालक, एकच ड्रायव्हर. भाऊंच्या घरच्या लग्नात इनास पंगत वाढायचा, नाताळात इनासच्या घरी भाऊ सगळ्यांच्या आधी हजर.

आणि इनासची एक सवय. टर्बोची गाडी थांबवली की लगेच बंद करायची नसते. दोनेक मिनिटं नुसती चालू ठेवायची, म्हणजे तो तापलेला दांडा तेलात थंड होतो. किती ड्रायव्हर हे पाळतात? दहातला एक. इनास पाळायचा. घड्याळ बघायचा नाही, दहा नमो मारिया म्हणायचा, म्हणजे मारियामातेची छोटी प्रार्थना दहा वेळा. मनातल्या मनात, ओठ हलायचे तेवढेच. दहा झाले की चावी. आम्ही चेष्टा करायचो, ‘काय इनासभाऊ, टेम्पोला पण स्वर्गात नेणार काय?’ तो हसायचा, पण मोजणं थांबवायचा नाही.

तर त्या टेम्पोचं कार्ट्रिज गेलं. वीस वर्षांत बाकी सगळ्या गाडीसारखं तेही म्हातारं झालं होतं. भाऊ म्हणाले, ओरिजिनलच टाक. ओरिजिनल यायला आठवडा लागणार होता. ‘थांबा,’ एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढंही म्हटलं नाही. गाडी दुसऱ्याकडे जाईल, ही भीती. मी म्हटलं, माल आहे.

आमच्याकडे रिवाज आहे — ओरिजिनल बसवलं की त्याचा खोका गिऱ्हाईकासमोर फाडायचा, म्हणजे त्यात कोणी दुसरा माल भरून विकू नये. माझ्याकडे माळ्यावर ओरिजिनलचे दोन रिकामे, न फाडलेले खोके होते. का ठेवले होते? तुम्हीच समजा. त्यातल्या एकात लोकल घातलं, समोर काढलं, बसवलं, भाव ओरिजिनलचा घेतला. आणि मग तो खोका इनासच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला. भाऊ खूश. इनासने जुना पार्ट गोणपाटात बांधून सीटखाली ठेवला.

दोन महिन्यांनी खाडीच्या पुलाच्या अलीकडे तो दांडा तुटला. इंजिन स्वतःचंच तेल ओढून पेटल्यासारखं ओरडायला लागलं. चावी काढली तरी बंद होईना. इनासने वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवर उभं राहून ते कसंबसं मारलं. माणूस वाचला, इंजिन गेलं.

टर्बो माझ्यासमोर आला. उघडला आणि एका नजरेत कळलं — दांडा आणि पंख्याचं चाक जिथे जोडलेलं असतं, तो जोडच कच्चा. दोष मालाचा होता. भाऊ एका बाजूला उभे, इनास एका बाजूला. मी काय म्हटलं असेल? ‘गरम गाडी फटकन बंद केली की असंच होतं, भाऊ.’

एवढंच. आवाजही चढवला नाही.

इनास म्हणाला, ‘दहा म्हटल्याबिगर मी चावीला हात लावत नाय.’ भाऊ त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी हात पुसत होतो. पुढच्या आठवड्यात टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर होता. त्या नाताळात भाऊ इनासकडे गेले नाहीत, हे मला कोणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं.

इथवरच असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण इनास दुकानात आला. एकटाच. मला वाटलं, कळलं याला. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘त्या दिवशी बाजारात थांबलो तवा घरून फोन आलता. दहा झाले का आठ, आता काय आठवत नाय. माझंच चुकलं असंल. तुझ्या कामाला उगा नावं ठेवली मी सगळीकडं. माफ कर.’

आणि मी? मी चहा मागवला. म्हटलं, ‘जाऊ दे इनासभाऊ, होतं असं.’

माफ केलं मी त्याला.

रडू आलं नाही, झोप उडाली नाही. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी आणखी दोन टर्बो उघडले, व्यवस्थित बसवले. आत काही हललंच नाही. अजून हलत नाही.

आता इनास पाण्याच्या टँकरवर आहे. आमच्या बिल्डिंगला तोच येतो, एक दिवसाआड. टँकर लावतो, पाणी सोडून होतं, तरी इंजिन चालूच. वरून लोक ओरडतात, ‘अरे बंद कर ना, किती धूर!’ तो मान वर करत नाही. पूर्वी नुसते ओठ हलायचे. आता हातात माळ असते, एकेक मणी बोटांनी धरून पुढे सारतो. दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. स्वतःच्या मोजण्यावर त्याचा भरवसा राहिलेला नाही.

मी दुसऱ्या मजल्यावर खिडकीत उभा असतो. इंजिन बंद झालं की आत येतो आणि नळाखाली बादली लावतो.