बैलावरच्या नवरीचा फोटो

फ्लॅश पडला आणि नवरी गाता गाता गप्प झाली.

राळेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचं लग्न. साल एकसष्ट की बासष्ट, आता नक्की आठवत नाही. नवरीचं नाव जमनी. बंजाऱ्यांमध्ये मुलगी सासरी निघण्याआधी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून रडत गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. जमनी मावशीच्या गळ्यात पडली होती आणि मी हातभर अंतरावरून बल्ब उडवला. पोरीचा हुंदका घशातच अडकला. मावशी माझ्यावर उखडली.

"रडू द्या ना लेकराले! तिच्या डोळ्यात कायले जाळ घालून राह्यले?"

मी यवतमाळच्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. फोटोग्राफर लग्नात नवरदेवाइतकाच दिसला पाहिजे, हे आमच्या मालकांचं तत्त्व. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, "हलू नका, इकडे बघा" म्हणून ओरडायचं आणि फ्लॅश मारायचा. तेव्हाचा बल्ब एकदाच पेटायचा. मग तो तापलेला बल्ब काढून नवा लावायचा. या थाटामुळे गावोगावी पक्की समजूत झाली होती, की उजेड पडला तरच फोटो निघतो.

जमनीची आई, सोनाबाई, मला बाजूला घेऊन गेली. पेटीतून तिने थोरल्या मुलीच्या लग्नाचा फोटो काढला. आमच्याच स्टुडिओचा. मुलगी ताठ उभी, डोळे वटारलेले, जणू ठाण्यात आणली आहे.

"हे माही पोरगी नोहे, भाऊ," सोनाबाई म्हणाली. "थोरली तिकडं निजामाबादकडं देली. सालोसाल भेट नाही. आठवण आली का हा फोटो काढतो, अन् यातली बाई मले ओळखूच येत नाही. हे धाकटी तरी माह्या घरात राहू द्या."

मी तो फोटो तिला परत दिला.

तिला हवा होता हवेलीचा फोटो. निरोपाच्या वेळी नवरीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात. ती हात वर करून बापाच्या घराचं भलं मागणारं गाणं गाते. तीच हवेली. ती एकदाच होते. 'पुन्हा एकदा करा' म्हणायची सोय नाही.

तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, जवळच उभे होते. "लाइट माराल त बैल बुजन. पोरगी पडली म्हंजे?"

"लाइट नाही मारणार, नाईक."

"मंग फोटो कसा निघन?"

"उन्हावर निघतो."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बरं. तुमी चहा घ्या."

फ्लॅश मी पिशवीत टाकला. माझा कॅमेरा म्हणजे दोन भिंगांचा चौकोनी डबा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस मान खाली घालून बसलाय. आजवर मला ती अडचण वाटायची. त्या दिवशी सोय वाटली.

उरलेली दुपार बैलापाशी काढली. त्याला कडबा चारला आणि रोल न भरताच त्याच्या कानाशी कळ दाबत राहिलो. पहिल्या आवाजाला त्याने कान टवकारले. नंतर तो निवांत रवंथ करू लागला.

"फोटोवाला बैलाचंच लगीन लावून राह्यला!" मावशी म्हणाली. बायका खूप हसल्या आणि मग मला विसरल्या. लग्नात आपल्याकडे कोणी बघत नाही हे सुख मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडीच्या धुरेवर बसलो. रोल भरलेला होता, फोकसचं अंतर आधीच लावून ठेवलं होतं. जमनी बैलावर चढली, हात वर केले, डोळे मिटले आणि गायला लागली. मी मान खाली घातली आणि कळ दाबली. कोणाला कळलं नाही. बैलालाही नाही.

"काहून, फोटो नाही काहाडला?" मी निघताना सोनाबाईने विचारलं. काढला म्हटलं, तर तिचं तोंड एवढंसं झालं. उजेड कुठे पडला होता?

मालकांनी प्रिंट पाहिली आणि डोक्याला हात लावला. "तोंड उघडं, डोळे मिटलेले! कोणीही समोर बघत नाहीये. हा गिऱ्हाइकाला देणार तू?"

"त्यांना असाच हवाय."

"परत आला तर तूही घरी बस."

आठवड्याच्या बाजाराला सोनाबाई आणि नाईक स्टुडिओत आले. मालक काउंटरवरून आधीच माफीची भाषा बोलू लागले. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. प्रिंट हातात धरून ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने जमनीच्या उघड्या तोंडावर अलगद बोट ठेवलं.

"इथं 'बापू' म्हणून राह्यली ते," ती म्हणाली. "बापाच्या घराची ओळ हाय."

आणि तिने तिथूनच पुढची ओळ उचलली. भर दुपारी, आमच्या काउंटरपाशी उभं राहून, हलक्या आवाजात तिने ती हवेली शेवटपर्यंत म्हटली. डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता. नाईकांनी मान खाली घातली. मालकांची माफी तोंडातच राहिली. मी उगाच भिंग पुसत बसलो.

माझी नोकरी टिकली. मालकांचा फ्लॅश काही सुटला नाही, पण तांड्यावरचं लग्न आलं की ते मलाच पाठवत. आणि तोंड उघडं आलं म्हणून मी पुढे एकही प्रिंट टाकून दिली नाही. गाणारं माणूस तोंड मिटून कसं दिसणार?