विहारामागची मोकळी पट्टी

तुमच्या वावराच्या बांधावर आज काय काय उगवलंय, त्यातल्या पाच झाडांची नावं सांगता येतील? मला येत नव्हती. तरी पर्यावरणावरचं पत्रक मीच लिहिलं होतं.

पत्रकं आमच्या घरात भाजीपाल्यासारखी यायची. वडील प्रत्येक सभेतून आणायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. ‘निषेध’ हा शब्द मला फार लवकर लिहिता आला. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात, गावच्या बुद्ध विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू असताना, ‘हिरवा विहार’ हे पत्रक लिहायला मला एक संध्याकाळ पुरली.

आमचं गाव धाडजवळ. विहाराच्या मागे, भिंत आणि नाल्याच्या मध्ये, एक अरुंद पट्टी आहे. तिथे तरोटा, कुरडू, केना असं सगळं दाटीनं वाढायचं. पिवळी फुलपाखरं तरोट्यावर असायची, कुरडूच्या तुऱ्यांना लहान पाखरं लोंबायची. ती पट्टी माझ्या मोठ्या मायची, म्हणजे थोरल्या काकूची. ती जन्मभर दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये निंदणाला गेली. जे उपटायची त्यातलं एखादं रोप मुळाच्या मातीसकट पदरात बांधून आणायची आणि तिथे लावायची. आम्हाला ते माहीत होतं. आम्ही त्यावर हसायचो.

“तुह्या मोठ्या मायनं जंगल पाळलं व,” गावातल्या आमच्या तरुण मंडळातला एक जण म्हणाला. “एखांद्या दिवशी वाघ निंघन त्यातून.”

मीही हसले. मोठी माय आठ दिवसांसाठी लेकीकडे लोणारला गेली होती. मला वाटलं, परत येईल तेव्हा तिला स्वच्छ, हिरवीगार जागा दाखवू. चुलतभावाचा पंप आणला, त्यात तणनाशक भरलं आणि पंप माझ्याच पाठीवर घेतला. उपटायला वेळ लागला असता, आणि आम्हाला ‘हिरवा विहार’साठी रविवारच्या आत फोटो हवे होते. पाचव्या दिवशी सगळं पिवळं पडून माना टाकून होतं. त्यात आम्ही रोपवाटिकेतून आणलेली कोनोकार्पसची रोपं ओळीनं लावली. शहरात रस्त्याच्या मधोमध असतात तीच.

मोठी माय आली ती पिशवी हातात घेऊन थेट मागे गेली.

“हे कोनं जाळलं व?”

“मीच. साफ केलं, माय. झाडं लावली, पाह्य ना.”

“मले इचारलं काऊन नाही?”

“तू लोणारले होती न.”

“फोन होता माह्याजवळ. फोटो टाकाले फोन लागते तुले, मले इचाराले लागला नाही?”

ती खाली बसली आणि भिंतीलगतचा एक वाळलेला वेल हातात धरला. त्याला बारीक हिरव्या शेंगा होत्या, त्याही सुरकुतलेल्या.

“रानमूग व्हय हा. बी भराचंच होतं.” मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मालक म्हने उपट, म्या उपटलं. जलमभर. एवढुशा जागेत मी म्हनन ते राहे.”

माणसाला मुळासकट उपटणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध मी किती ओळी लिहिल्या असतील! तिच्या हातात असलेली एकमेव जागा मी पाठीवर पंप घेऊन संपवली होती, आणि ‘हिरवा विहार’च्या प्रती अजून माझ्या पिशवीत होत्या. आजही त्या पट्टीकडे बघताना माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथवाचनानंतर सगळ्यांसमोर माफी मागायला मी उभी राहिले. तिनं हात धरून खाली बसवलं.

“भाषन नको देऊ. बी आन.”

कोनोकार्पस मीच काढले. तरोटा रस्त्याच्या कडेला भरपूर मिळाला, कुरडूही मिळाला. केना आपोआप परत आला. रानमुगासाठी आम्ही दोघी धाडपासून चिखलीच्या रस्त्यापर्यंत बांध पालथे घातले. बहुतेक बांध माझ्यासारख्यांनीच फवारलेले होते. वेल सापडला नाही. मोठी माय अजून दर आठवड्याला विचारते, “भेटला का व?” आणि मी नाही म्हणते.

म्हणून मागणं एवढंच. यंदा बांधावर पंप नेण्याआधी तुमच्या निंदणाच्या बाईला सोबत न्या. ती रानमूग दाखवेल. त्याच्या शेंगा काळ्या पडून वाळेपर्यंत तेवढा बांध फवारू नका, आणि मूठभर बी आमच्या गावाकडे पाठवा.