हळदीची खूण

"हात दाखवा."

देवासच्या आमच्या मराठी वाचनालयात जुन्या कागदांच्या कपाटापाशी कोणीही गेलं, की ते कपाट सांभाळणारे आजोबा आधी हे म्हणत. मग तो कॉलेजातला प्राध्यापक असो, नाहीतर माझ्यासारखा कारखान्यातून सुटून आलेला संस्थेचा चिटणीस. आपण शाळकरी पोरासारखे तळवे पुढे करायचे. ते निरखून बघत आणि खांद्यावरचा पंचा पुढे करत. "पुसा. कागदाला घाम चालत नाही." तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, त्याचा राग येतो आणि त्याच्यावाचून चालतही नाही.

त्यांचं घराणं पिढ्यांपूर्वी मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं, मी नोकरीसाठी साताऱ्याहून. माझ्या बोलण्यात हिंदी शब्द आला की ते टोकत, आणि रागावले की स्वतःच इथल्या हिंदीतल्या 'भिया'वर, म्हणजे 'भैया'वर, येत.

कपाटात जुन्या मराठी घरांनी दिलेले मोडी कागद होते. एकेका घराचे कागद एकेका पांढऱ्या कापडात बांधलेले. त्या गठ्ठ्यांना ते रुमाल म्हणत. गावात मोडी वाचणारे ते एकटेच उरले होते.

वाचनालयात स्कॅनर आला तेव्हा मी मोठ्या हौसेने योजना आखली. रोज किती पानं, किती सीडी, कोणी कधी बसायचं. आजोबांनी ती दोनदा वाचली.

"यात यादी कुठाय?"

"शेवटी आहे, आजोबा. आधी स्कॅन उरकू."

"अरे भिया, फोटो काढशील. पण कागद कोणाच्या घरचा, त्यात काय लिहिलंय, वो मशीन बताएगी क्या?"

मी हसून मान डोलावली. योजनेत काही बदललं नाही.

मग ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे इंदूरला गेले. जाताना बजावून गेले, "रुमाल सोडू नका."

आणि खंडेनवमी आली. घरोघरी अवजारं पुजतात, आम्ही स्कॅनर पुजायचं ठरवलं. शेजारी ते मळकट गठ्ठे काही बरे दिसेनात. मी सगळे रुमाल सोडले, कागदांच्या चळती टेबलावर लावल्या आणि कापडं घरी नेली. बायकोने ती साबणाने खसाखसा धुतली. कोपऱ्यांवर पिवळ्या खुणा होत्या, त्या साबण लागताच लाल झाल्या आणि गच्चीवरच्या उन्हात उडून गेल्या. "बघा, एक डाग राहिला नाही," ती म्हणाली. मलाही कौतुक वाटलं. तिकडे वाचनालयात पूजेला जागा हवी म्हणून कोणीतरी सगळ्या चळती एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

आजोबा हिरवा चष्मा लावून परतले. कोरी कापडं उलटसुलट करून म्हणाले, "हळद कुठे गेली?"

शाई कागदावर उतरेल म्हणून त्यांनी घरांच्या खुणा हळदीने केल्या होत्या. कुठे ठिपका, कुठे रेघ. तीच त्यांची यादी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी विश्वासाने दिलेले पणजोबा-खापरपणजोबांचे कागद मी एका ढिगात कालवले होते. "आजोबा, गलती हो गई," एवढंच तोंडातून निघालं.

 त्यांनी चष्मा काढून वरचा कागद उचलला, जवळ नेला, लांब धरला. "दिसतंय की!" ते म्हणाले. "हा बागलीच्या वैद्यांच्या घरचा. विहिरीचं भांडण. बसा चिटणीस, लिहा."

पुढे होळीपर्यंत रोज संध्याकाळी ते वाचत, मी यादीत लिहीत. जुनी भांडणं वाचताना ते एकटेच खुदुखुदु हसत. एकेक घर परत आपल्या रुमालात जमलं. शेवटची गाठ मारली तेव्हा मी मोठ्याने हुश्श केलं.

"आता काढा फोटो," ते म्हणाले.

स्कॅनिंग संपायच्या आत ते गेले. वाईट वाटलंच, पण खरं सांगतो, छातीवरचा दगडही उतरला होता. मी ठरवल्याप्रमाणे यादी शेवटी ठेवली असती, तर शेवटी विचारायला ते नसते.

तेराव्याला त्यांच्या मुलीने घडी घातलेला पंचा माझ्या हातात ठेवला.

"बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका. आणि म्हणाले, चिटणिसांना सांग, धुऊ नका."

तेवढ्या माणसांत मला हसू फुटलं. डोळे पुसता पुसता तीही हसली.