मागून म्हणणारा गुरुराज

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत गुरुराजने पस्तीस वर्षं नट-बोल्ट तपासले. केसाएवढा फरक असला तरी त्याच्या बोटांना कळायचा. पण घरात त्याची ओळख एकच, की तो मागून म्हणतो. मार्गळी या तमिळ महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, उजाडता उजाडता, त्यांच्या घरी मधोमध समई मांडून पद म्हणतात. थोरला भाऊ अनंतराव एक ओळ पुढे म्हणणार, बाकीचे तीच ओळ मागून. मागच्यांत सगळ्यात खणखणीत आवाज गुरुराजचा, आणि खरं सांगायचं तर याहून जास्त मान त्याला कधी हवाच नव्हता.

आता ते पद म्हणजे काही चार ओळींची आरती नव्हे. चांगली अठ्ठावीस कडवी. तंजावरात त्यांच्या कुणा पूर्वजाने रचलेली. गंमत अशी, की देवाचं नाव त्यात अगदी शेवटच्या कडव्यात एकदाच येतं. त्याआधीची सत्तावीस कडवी म्हणजे भलत्यांनाच नमस्कार. कावेरीला, मुंगीला, जात्याला, आंधळ्याच्या काठीला, हत्तीला. आठ वर्षांचा असताना गुरुराजने ते नीट कान देऊन ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. देव शोधत माणूस किती जणांच्या पाया पडत जातो! तेव्हापासून रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली की तो बाजूने जातो. त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी जातो. बायको असेपर्यंत ती यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायची.

या पदाचे नियम मात्र कडक. कागदावर उतरायचं नाही, तोंडातून तोंडात घ्यायचं. समईभोवती फिरत म्हणायचं आणि टाळ थांबू द्यायचे नाहीत. टाळ थांबले म्हणजे पद तुटलं. तुटलं तर समई उचलायची, ती त्या घरात परत कधी मांडायची नाही. अनंतरावांच्या मुलाने, वेंकटने, एकदा गुपचूप फोनवर पद रेकॉर्ड करून पाहिलं होतं. ऐकायला बसले तर नुसता टाळांचा कल्लोळ. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि विषय तिथेच संपला.

गेल्या नवरात्रात अनंतरावांना झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता मात्र येत नाही, लिहिताही येत नाही. पुढे म्हणायचं काम आता गुरुराजकडे आलं. त्यात कुणाला काळजी वाटली नाही. पन्नासहून जास्त वर्षं म्हणतोय, त्याला काय अवघड?

एका संध्याकाळी गच्चीवर एकटाच म्हणायला बसला. पहिलं कडवं आलं, दुसरं, तिसरं, चौथं आलं. आणि पुढे? पुढे काहीच नाही. कडवं न कडवं त्याला येत होतं. कुणी पहिला शब्द टाकावा, की उरलेलं धडाधड तोंडातून बाहेर. पण कुठल्यामागून कुठलं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. जन्मभर पुढचा शब्द अनंतरावांनी दिला होता, याने फक्त तो उचलला होता. बोल्टांचा ढीग समोर आहे आणि कुठला कुठे बसवायचा ते माहीत नाही, अशी गत झाली बिचाऱ्याची. इतर मागच्यांना आडून आडून विचारून पाहिलं. सगळे एका माळेचे मणी.

वरच्या मजल्यावर रुचिरा भाड्याने राहते. नगरची पोरगी, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. गच्चीवर कपडे काढायला आली होती, तिने हे ऐकलं.

"काका, इतकी वर्षं म्हणताय आणि पाठ नाही?"

"पाठ आहे ग. पण सुरू करता येत नाही."

ती हसली, मग त्याचा चेहरा पाहून तिने कपड्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "भवानीकाकूंना विचारलंत?"

"वैनीला? ती तर त्या वेळी स्वयंपाकघरात असते," गुरुराज म्हणाला. बाई पुढे म्हणत नाही, आणि प्रसादाचा पोंगल, म्हणजे डाळतांदळाचा गोड भात, शेवटच्या कडव्याला तयार हवा. म्हणून अनंतरावांची बायको भवानी एकेचाळीस वर्षं त्या वेळी शेगडीपाशी. समईभोवतीची फेरी तिने डोळ्यांनी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तिला काय विचारायचं, असं त्याला वाटलं. पुरुषमाणसाची अक्कल, दुसरं काय!

रविवार उजाडला. समई पेटली, अनंतरावांना खुर्चीत बसवलं, त्यांचे टाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. गुरुराजने टाळ हाती घेतले. महिनाभर झटून त्याने अकरा कडव्यांपर्यंत क्रम जुळवला होता. पुढचं देवच सुचवील, असं समईकडे बघत मनाशी म्हणाला.

अकरावं कडवं जात्याचं. ते संपलं आणि बारावं सुचलं नाही. त्याने जात्याची शेवटची ओळ पुन्हा म्हटली. सगळ्यांनी मागून म्हटली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मंडळी फिरत होती, टाळ चालू होते, पण एकमेकांकडे बघायला लागली होती. अनंतरावांचे ओठ नुसते हलत होते. आपल्या हातून समई उचलली जाणार, दोनशे वर्षांचं पद आपल्या तोंडात येऊन मरणार, या विचाराने गुरुराज रडायच्या बेताला आला. टाळांवरची बोटं ढिली पडली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. बारीक, थोडा चिरका, पण सुरात. मुंगीचं कडवं. पहिली ओळ पुरी झाली आणि गुरुराजच्या तोंडून सवयीने तीच ओळ मागून निघाली. सगळ्यांची निघाली.

भवानी हातात पळी घेऊन उंबऱ्यात आली. "भावजी, मुंगीला गूळ पडतो," ती दोन ओळींच्या मधे म्हणाली. "तुम्ही जात्यावरच अडून बसलात, तांदूळ करपायला आले."

गुरुराजच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कावेरीला पाणी उकळतं, जात्याला डाळतांदूळ शिजतात, मुंगीला गूळ. एकेचाळीस वर्षं ही बाई पदावर पोंगल शिजवत होती. पुढचं कडवं यायच्या आधी तिचा हात डब्याकडे गेलेला असायचा. मागच्यांना क्रम येत असणारच, असं धरून ती कधी बोलली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आठव्या वर्षी आला होता तसाच काटा अंगावर आला.

बाकीच्यांचे टाळ चालूच होते; त्याने आपले खाली ठेवून तिच्या हातातली पळी घेतली. "वैनी, तुम्ही पुढे म्हणा. मी गूळ घालतो."

कुणी तरी कुजबुजलं असेलही. टाळांत ऐकू आलं नाही.

स्वयंपाकघरात वाफेत उभा राहून गुरुराज पोंगल ढवळत राहिला आणि ऐकत राहिला. टाळांचा गोंगाट भिंतीपलीकडे राहिला होता, शब्द तेवढे स्वच्छ येत होते. एकामागून एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. हत्तीच्या कडव्याला काजू का घालायचे ते देव जाणे, पण भवानी ओळ म्हणता म्हणता "काजू" म्हणाली आणि त्याने घातले. जन्मात पहिल्यांदा त्याला आख्खं पद ऐकू आलं. इतकं मोठं होतं ते. तो मागून म्हणत होता, रडत होता आणि ढवळत होता.

अठ्ठाविसावं कडवं सुरू झालं, देवाचं नाव आलं, आणि कुणी न सांगता गुरुराजने गॅस बंद केला. पातेलं घेऊन तो दारात आला.

भवानी समईजवळ उभी होती. पद संपलं होतं, तरी ती ज्योतीकडे टक लावून बघत होती.

"इतकी मोठी दिसते होय समई," ती हळूच म्हणाली. "मी घासलीय दरवर्षी, पेटलेली नाही पाहिली."

अनंतरावांनी डाव्या हाताने मांडीवरचे आपले टाळ उचलले आणि तिच्यापुढे धरले. तिने पदराला हात पुसले आणि ते घेतले.